मोंबासाच्या किनाऱ्यावर

नाशिकला शरणपूर रोड नावाचा एक रस्ता आहे. नाशिकच्या मंडळींना तो सांगावयास नकोच. माझ्या शाळेचा रस्ता तोच आणि पुढे कॉलेजचाही तोच. पंधरा-सोळा वर्षे मी त्या रस्त्याने सायकल हाकली. पण ‘शरणपूर’ हे नाव कशावरून पडले, येथे कोण कोणाच्या आसऱ्याला आले, असा प्रश्न मला कधी पडला नाही. इतिहास विषय घेऊन एम. ए. झालो, इतकी वर्षे कॉलेजात तोच विषय शिकवतो आहे, तरीही पडला नाही. त्याचे उत्तर मला मिळाले ते नाशिकपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोंबासा शहरात, रस्त्याच्या कडेच्या एका घंटेखाली. ती घंटा आपण शेवटी पाहू. आधी शहर पाहू.

माझा मेहुणा तिकडे बंदरात नोकरीला आहे. दोन-तीन वर्षे त्याचा आग्रह चालला होता. शेवटी एका सुटीत योग आला. मुंबईहून नैरोबीपर्यंत विमान, आणि तेथून आगगाडीने मोंबासा, असा प्रवास झाला.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गाच्या भिंतीवरचा हिंदी महासागराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मुंबईवर बोट ठेवायचे आणि ते नैर्ऋत्येकडे नेत जायचे. विषुववृत्त ओलांडून थोडे खाली उतरले, की आफ्रिकेच्या किनाऱ्याला चिकटलेले एक चिमुकले बेट लागते. तेच मोंबासा. केनिया देशाचे हे सर्वांत मोठे बंदर. २०१९ च्या शिरगणतीत वस्ती बारा लाखांच्या घरात होती. मूळ शहर बेटावर, आणि नवी वस्ती खाडीपलीकडे पसरलेली. उत्तरेला न्याली पूल, पश्चिमेलाही पूल, आणि दक्षिणेला लिकोनीची तर. तरीतून माणसे फुकट जातात. कोंबड्या, सायकली, केळीचे घड आणि शाळेची पोरे यांच्या गर्दीत उभे राहून ती खाडी ओलांडली, की रेवसच्या धक्क्यावर उभे असल्यासारखे वाटते.

हा सारखेपणा उगाच आलेला नाही. ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याची आपला शेतकरी जूनमध्ये वाट पाहतो, त्याला तिकडचे खलाशी ‘कुसी’ म्हणतात. हिवाळ्यात उलट ईशान्येकडून वाहतो तो ‘कास्काझी’. शिडाची गलबते कास्काझीवर अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून आफ्रिकेला जात, आणि कुसी सुरू झाला की परत फिरत. आगबोट निघण्यापूर्वी शेकडो वर्षे हा रहाटगाडगे चालू होता. म्हणजे जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच मोंबासाची माणसे, माल आणि भाषा घडवीत होता.

भाषेचेच पाहा. तिकडे स्वाहिली बोलतात. मूळ बांधणी आफ्रिकी, पण शब्द साऱ्या समुद्राचे. सकाळी भेटल्यावर माणूस विचारतो, “हाबारी?” म्हणजे आपली ‘खबर’. दुकानाला ‘दुका’, साबणाला ‘साबुनी’, गाडीला ‘गारी’, हिशेबाला ‘हेसाबू’, आणि पोळीला सरळ ‘चपाती’. यांतले काही शब्द दोघांनाही अरबी-फारसीतून मिळाले, काही आपल्याकडून तिकडे गेले. पहिल्याच दिवशी भाजीवालीशी माझा सौदा अर्धा खुणांनी आणि अर्धा अशा शब्दांनी पार पडला.

आता किल्ला. मोंबासाला गेलेला प्रवासी पहिल्यांदा जातो तो फोर्ट जीझसला. खाडीच्या तोंडाशी, पोवळ्याच्या खडकावर हा किल्ला उभा आहे. पोर्तुगिजांनी तो १५९३ साली बांधावयास घेतला. आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती नावाच्या इटालियन स्थपतीचा. हा मिलानचा माणूस, पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील मुलखाचा मुख्य स्थपती होता. किल्ल्यासाठी गवंडी नेले ते हिंदुस्थानातून. वरून पाहिले तर उताणा निजलेला माणूस दिसावा, अशी किल्ल्याची आकृती आहे. उत्तम प्रमाण मानवी देहात असते, असे त्या काळच्या युरोपी कारागिरांचे मत होते, ते दगडात उतरले आहे. २०११ साली युनेस्कोने हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

पण आकृती पाहून पुढे चालू लागाल तर किल्ला कळणार नाही. त्या काळी पोर्तुगिजांची पूर्वेकडची राजधानी गोवा. वसई आणि मोंबासा, दोन्ही गोव्याच्या हुकमाखाली. मोंबासाच्या राजाचे काय करायचे, ते मांडवीच्या काठी ठरायचे. आणि कसे ठरायचे ते ऐका.

मोंबासाचा सुलतान हसन याचे पोर्तुगीज कप्तानाशी बिनसले. १६१४ साली त्याचा खून झाला आणि त्याचे मस्तक गोव्याला पाठवण्यात आले. त्याचा मुलगा युसूफ, सात-आठ वर्षांचे पोर. त्यालाही गोव्याला नेले. तेथे पाद्र्यांच्या मठात तो शिकला, ख्रिस्ती झाला, दों जेरोनिमो झाला. पोर्तुगीज बोलू लागला, त्यांच्या जहाजांवर तोफा चालवू लागला. आता हा आपला झाला, असे वाटून त्यांनी त्याला १६२६ च्या सुमारास मोंबासाच्या गादीवर बसवले. हा राजा रात्री गुपचूप बापाच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना करतो, असे कुणी तरी कप्तानाच्या कानावर घातले, अशी हकीगत आहे. पुढे काय होणार हे युसूफने ओळखले. १६३१ च्या ऑगस्टमध्ये एका सणाच्या दिवशी तो माणसे घेऊन किल्ल्यात शिरला आणि कप्तानाला त्याने स्वतःच्या हाताने भोसकले. त्यानंतर शहरातल्या पोर्तुगिजांची आणि ख्रिस्ती झालेल्या आफ्रिकी लोकांची कत्तल झाली. त्यांत बायका आणि मुलेही होती. पुढल्या वर्षी किल्ला मोडून टाकून तो जहाजावर चढला आणि समुद्रावर लूटमार करीत राहिला.

वाटाड्याने ही गोष्ट तटावर उभे राहून सांगितली. मी विचारले, “तुमच्याकडे त्याला काय समजतात? वीर की खुनी?” म्हातारा हसला. म्हणाला, “साहेब, मी त्याला बाप मारलेला मुलगा समजतो.” मी वहीत हे वाक्य लिहून ठेवले. इतिहासाच्या वर्गात बाजू घेण्याची घाई आपण शिक्षक फार करतो.

किल्ल्याच्या आत संग्रहालय आहे. इंग्रजांनी १८९५ पासून १९५८ पर्यंत येथे तुरुंग ठेवला होता. तो हलवल्यावर डागडुजी करून संग्रहालय झाले. भिंतीवर पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि काव्याने काढलेली जहाजांची चित्रे आहेत. घरापासून दूर पडलेल्या माणसाने काढावीत तशीच ती आहेत. त्यांच्यापुढून जाऊन मी एका दालनात शिरलो. चिनी मातीची भांडी, रांजण, तोफा असे समुद्रातून काढलेले जिन्नस मांडलेले. पाटीवर जहाजाचे नाव: ‘सांतो अंतोनियो दे ताना’. आणि पुढे, बांधणी वसई, १६८१.

श्रोतेहो, ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे. वसईच्या गोदीत, सागाच्या लाकडात बांधलेले, ठाण्याचे नाव मिरवणारे हे लढाऊ जहाज. ते मोंबासाला गेले कसे? १६९६ च्या मार्चमध्ये ओमानच्या इमामाच्या फौजेने फोर्ट जीझसला वेढा घातला. वेढा चालला तेहतीस महिने. किल्ल्यात शत्रूपेक्षा रोगराईने जास्त माणसे मेली. १६९७ साली पोर्तुगीज अधिकारीच संपले, तेव्हा फाझाचा ब्वाना दाऊद नावाचा स्वाहिली सरदार काही काळ किल्ला लढवीत होता. त्याच्याबरोबर मूठभर आप्त आणि आफ्रिकी पुरुष होते. बायका संख्येने त्याहून अधिक. पोर्तुगिजांच्या झेंड्याखाली तटावर उभ्या होत्या त्या आफ्रिकी बायका. गोव्याहून कुमक आली, तिच्यात हे जहाज होते. १६९७ च्या ऑक्टोबरात किल्ल्यासमोरच ते बुडाले. १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला, तेव्हा आत जिवंत माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गोव्याचे नवे आरमार खाडीच्या तोंडाशी आले, तो तटावर ओमानचा लाल झेंडा. आल्या वाटेने ते निघून गेले. पुढे एकेचाळीस वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी आप्पांनी वसई घेतली.

हे बुडालेले जहाज पाणबुड्यांनी १९७६ पासून चार-पाच हंगाम खपून तपासले. वस्तू वर आणल्या, सांगाड्याची मोजमापे घेतली आणि तो पुन्हा वाळूखाली झाकून ठेवला. म्हणजे आमच्याकडच्या सुतारांच्या हातचा साग अजून त्या खाडीच्या तळाशी आहे. मला अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू? पण थोड्या वेळाने हेही मनात आले, की ते जहाज लोकांना उपयोगी पडायला गेले नव्हते, तोफा घेऊन गेले होते. सुताराचे कसब चांगले होते. ते कोणाच्या कामी आले, हा प्रश्न वेगळा.

आता याची परतफेड पाहा. किल्ल्यावरून निघून बेटाच्या दक्षिण टोकाला गेले, की समुद्राकाठी फिरण्याचा प्रशस्त रस्ता आहे. संध्याकाळी सारे शहर तेथे हवा खायला येते. त्या रस्त्याच्या कडेने जाड बुंध्यांची, हत्तीच्या कातडीसारख्या सालीची झाडे उभी आहेत. स्वाहिलीत त्यांना ‘म्बुयू’ म्हणतात. आणि आपण? आपण त्यांना गोरखचिंच म्हणतो. गोरखनाथांनी याच झाडाखाली शिष्यांना उपदेश केला, अशी आपल्याकडे समजूत, म्हणून हे नाव. झाड मात्र मूळचे आफ्रिकेचे. समुद्रावरच्या दळणवळणातून ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आले. वसईच्या किल्ल्यात आजही जुन्या गोरखचिंचा आहेत. आपला साग तिकडच्या खाडीत, तिकडचे झाड आपल्या किल्ल्यात. मोंबासाला या फळाच्या बिया साखरेत आणि लाल रंगात घोळवून पुड्यांत विकतात. त्यांना ‘माबुयू’ म्हणतात. शाळा सुटली की पोरांचे ओठ लाल. चव आंबटगोड, थेट आपल्या चिंचेच्या गोळ्यांची आठवण देणारी.

किल्ल्याला लागूनच जुने शहर आहे. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेली घरे, वर लाकडी सज्जे, आणि खाली कोरीव दरवाजे. दरवाज्यांवर वेली, कमळे आणि साखळ्या कोरलेल्या. काही घरे अरबी धाटणीची, काही गुजराती व्यापाऱ्यांनी बांधलेली. मांध्री मशिदीचा मनोरा पांढरा, वर निमुळता होत गेलेला. तिचे बांधकाम सोळाव्या शतकातले, म्हणजे फोर्ट जीझसच्याही आधीचे. १३३१ साली इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी येथे उतरला होता. येथील लोक केळी आणि मासे खाऊन राहतात, धान्य मुख्य भूमीवरून आणतात, आणि त्यांच्या मशिदी लाकडी आहेत, असे त्याने नोंदून ठेवले आहे. मशिदी आता दगडी झाल्या. केळी आणि मासे मात्र अजून आहेत. नारळाच्या दुधातला मासा आणि भात पानात आला, की मालवणचा माणूस तक्रार करणार नाही. शहाळ्याला तिकडे ‘मादाफू’ म्हणतात. बाजाराला ‘मारिकिती’. तेथे हळद, वेलची, लवंगा, सुकी मिरची यांचे ढीग पाहून घरच्या मंडळींसाठी काय न्यावे, हा प्रश्न सुटतो.

शहराच्या मुख्य रस्त्यावर कमानीसारखे उभे केलेले हस्तिदंताच्या आकाराचे भले मोठे धातूचे सुळे आहेत. ब्रिटिश राजघराण्याच्या भेटीच्या निमित्ताने १९५० च्या दशकात ते उभारले. प्रवासी त्यांच्याखाली छायाचित्रे काढून घेतात. आपणही काढावे आणि पुढे निघावे.

कारण शेतकरी मंडळींनी पाहण्याजोगी जागा शहराच्या उत्तरेला, बांबुरी येथे आहे. १९५४ पासून तेथे सिमेंटचा कारखाना. सिमेंटसाठी पोवळ्याचा खडक खणून काढल्यावर मागे राहिला नुसता खड्डा: उघडा पांढरा दगड, खारे पाणी, गवताची काडी नाही. १९७१ साली रेने हालर नावाच्या स्विस शेतीतज्ज्ञाने तेथे झाडे लावायचे मनावर घेतले. त्यांनी सव्वीस जातींची रोपे लावून पाहिली. जगल्या तीन. त्यांतली मुख्य म्हणजे सुरू. होय, आपल्या दापोली-गुहागरच्या पुळणीवर असतो तोच सुरू. त्याच्या मुळांतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून तो नापीक जमिनीतही तगतो.

पण अडचण आली. सुरूच्या सुयांसारख्या पानांचा थर खाली साचू लागला. तो कुजेना, आणि पान कुजले नाही तर माती कशी होणार? तेव्हा हालर यांना एक वाणी किडा ती पाने खाताना दिसला. पावसाळ्यात आपल्या अंगणात निघतो, बोट लावले की गुंडाळी करतो, मुले ज्याला पैसा म्हणतात, त्याच कुळातला हा किडा. तिकडे तो वीतभर लांब असतो. त्यांनी असे शेकडो किडे गोळा करून खड्ड्यात सोडले. किड्यांनी पाने खाल्ली, विष्ठेची माती झाली, त्या मातीत दुसरी झाडे रुजली, पाखरे आली. आज तेथे सावलीचे रान आहे, तळी आहेत, जिराफ आहेत. त्या बागेला हालर यांचेच नाव दिले आहे. आपल्याकडे दगडाच्या खाणी संपल्यावर खड्डे तसेच पडलेले असतात. गावोगावी आहेत. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगितली.

याच बागेत एक नवलाची जोडी झाली होती. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा मालिंदीजवळ समुद्रात पाणघोड्याचे वर्षाचे पिल्लू एकटे अडकलेले सापडले. कोळ्यांनी आणि गावकऱ्यांनी जाळी लावून त्याला बाहेर काढले आणि या बागेत आणले. आल्याबरोबर ते पळत जाऊन एका मोठ्या कासवाच्या आडोशाला बसले. कासव सव्वाशे वर्षांच्या पुढचे, नाव ‘म्झे’, म्हणजे म्हातारबाबा. म्हातारबाबा आधी फिस्कारला, दूर सरकला. पण पोर काही पाठ सोडीना. शेवटी दोघे एकत्र खाऊ लागले, एकत्र झोपू लागले. दोन-तीन वर्षांनी पिल्लू मोठे झाल्यावर त्याला त्याच्या जातीची सोबत देण्यात आली.

मोंबासाच्या दक्षिणेला दियानीची पुळण आहे. पांढरी शुभ्र वाळू, पुढे पोवळ्याचा बांध, आत शांत निळे पाणी. जगभरचे प्रवासी तेथे येतात. पण तिच्या जवळच काया किनोंदो नावाचे जे रान आहे, ते मला अधिक भावले. मिजिकेंदा म्हणून तिकडच्या नऊ जमाती आहेत. त्यांचे पूर्वज रानात तटबंदी करून राहत, त्या वस्तीला ‘काया’ म्हणतात. वस्ती केव्हाच उठली, पण रान राखले गेले. तेथे लाकूड तोडायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून शिरायचे नाही. मलाही कमरेला काळे वस्त्र गुंडाळून मगच आत सोडले. आपल्या सह्याद्रीतली देवराई ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सड्यावर सगळीकडे बोडके झाले, तरी देवाच्या धाकाने दोन एकर रान उभे राहते, तेच हे. २००८ साली अशा काया-रानांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आमच्या गावची देवराई कोणत्या यादीत नसेल, पण ती राखणाऱ्या म्हाताऱ्यांची अक्कल त्याच तोलाची आहे.

सवड असेल त्याने उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचे गेदी पाहून यावे. रानात हरवलेले दगडी गाव. मशिदी, राजवाडा, विहिरी, कबरी. सतराव्या शतकाच्या आरंभी वस्ती उठली आणि झाडांनी भिंती कवटाळल्या. १९४८ पासून तेथे उत्खनन झाले, तेव्हा चिनी भांडी निघाली. २०२४ साली दिल्लीत भरलेल्या बैठकीत गेदीचे नाव जागतिक वारशात घातले गेले.

आणि ज्या रेल्वेने मी मोंबासाला आलो, तिच्याविषयी दोन शब्द. ती नवी, २०१७ सालची. पण तिच्या शेजारून जी जुनी रेल्वे गेली आहे, तिचे काम १८९६ साली मोंबासाहून सुरू झाले आणि १९०१ साली ती व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांची १८९८ सालची गोष्ट पुष्कळांनी वाचलेली असते. पण सिंहांनी खाल्ले त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसे ताप, हगवण आणि अपघात यांनी गेली. त्सावोला १९४८ पासून अभयारण्य आहे. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती आता गाडीच्या खिडकीतून दिसतात.

आता ती घंटा. न्याली पूल ओलांडून मुख्य भूमीवर गेले, की एका गजबजलेल्या चौकाला ‘केंगेलेनी’ म्हणतात. ‘केंगेले’ म्हणजे घंटा. रिक्षा आणि मिनीबस यांच्या गलक्यात एका दगडी कमानीत ही घंटा टांगलेली आहे. प्रवासी फारसे तेथे थांबत नाहीत. मेहुण्याची गाडी पंक्चर झाली, म्हणून आम्ही थांबलो. या भागाचे नाव फ्रिअर टाऊन. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते बार्टल फ्रिअर म्हणजे आधी साताऱ्याला रेसिडेंट आणि १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर. गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या वाटाघाटी करायला १८७३ साली ते झांजिबारला गेले होते. या किनाऱ्यावरून हजारो माणसे गलबतांत कोंबून विकायला नेत. त्या व्यापारात अरब होते, आफ्रिकी सरदार होते, आणि पैसा गुंतवणाऱ्यांत हिंदी सावकारही होते. हे आपण लपवू नये.

इंग्रजांच्या आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सुटलेली पुष्कळ मुले मुंबईला उतरवली जात. आईबाप कोठे, गाव कोणते, काही ठाऊक नाही. अशा मुलांना मिशनऱ्यांनी ठेवले ते नाशिकच्या शरणपुरात. तेथे ती वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. गोदावरीकाठी मोठी झाली. त्यांतले नऊ तरुण डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर १८६६ साली आफ्रिकेत गेले. मागाहून आणखी काही गेले. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आतल्या मुलखात वारले, तेव्हा ज्या सोबत्यांनी त्यांचे शव सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून किनाऱ्याला आणले, त्यांत शरणपूरचे तरुण होते. त्यांतल्याच जेकब वेनराइट याने दफनाची प्रार्थना म्हटली आणि झाडावर नाव कोरले. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून दुसरा. तो १९३५ साली मोंबासातच वारला.

पुढे सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ ही वस्ती वसवली, तेव्हा ती उभी करायला जे पाद्री आले, ते विल्यम प्राइस पूर्वी शरणपूरचेच काम पाहत होते. त्यांनी दीडशेच्या आसपास ‘बॉम्बे आफ्रिकन’ आपल्याबरोबर घेतले. शिक्षक, सुतार, लोहार म्हणून. नव्याने सुटून आलेल्या माणसांना आसरा द्यायला, एकेकाळी स्वतः आसऱ्याला आलेली माणसे नाशिकहून गेली. गुलाम पकडणाऱ्यांचा हल्ला येतो असे दिसले, की ही घंटा वाजवीत.

मेहुणा चाक बदलत होता. मी घंटेखाली उभा राहून तेथल्या पाटीवरचा मजकूर दोनदा वाचला आणि गप्प झालो. ज्या रस्त्याने मी सायकल हाकली, त्याच रस्त्याने ही मुले चालली असतील. नाशिकात मराठी कानांवर पडून त्यांना चार शब्द तरी येत असतील. परत आपल्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना घर आठवले असेल ते कोणते? आणि वीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे पंक्चर झालेल्या चाकामुळे कळावे! लाज वाटली, हे आपल्यापाशी सांगतो.

श्रोतेहो, मोंबासाला सर्वांना जाता येईल असे नाही. पण वसईला जाता येते. शाळेची सहल वसईच्या किल्ल्यात नेली, तर गुरुजींनी मुलांना गोरखचिंचेच्या बुंध्याभोवती हातांची साखळी धरायला सांगावे, आणि हे झाड कोठून आले, येथून कोणते जहाज कोठे गेले, ते सांगावे. आपल्या गावच्या रस्त्याला, पेठेला, वाडीला जे नाव आहे ते कशावरून पडले, हे मुलांना म्हाताऱ्यांकडून विचारून आणायला लावावे. मी परत आल्यावर पहिल्या रविवारी शरणपूर रोडवर गेलो आणि तेथून दोन तास पायी हिंडलो. आता माझ्या वर्गात पूर्व आफ्रिकेचा धडा त्या रस्त्यापासून सुरू होतो.